विषाणूजन्य श्वसनसंसर्ग आणि नेहमीची औषधे

फ्लू किंवा कोविड-१९ झालेला असताना तापासाठी घेतलेल्या किंवा रक्तदाबासाठी आधीपासून चालू असलेल्या गोळ्यांनी आजार बळावतो का, हा प्रश्न मार्च २०२० मध्ये जगभर ऐरणीवर आला. फ्रान्सचे आरोग्यमंत्री ऑलिव्हिए व्हेराँ यांनी १४ मार्चला आयबुप्रोफेन टाळून पॅरासिटामॉल घ्यायला सांगितले. कोरोना विषाणू एसीई-२ या प्रथिनाला धरून पेशीत शिरतो. आयबुप्रोफेन आणि रामिप्रिल, लोसार्टन, टेल्मिसार्टन यांसारख्या रक्तदाबाच्या गोळ्या हे प्रथिन वाढवत असाव्यात, असा तर्कही त्याच सुमारास मांडला गेला. तर्काला रुग्णांमधला पुरावा नव्हता. पुढे ब्रिटनमधील रुग्णालयांत दाखल झालेल्या ७२ हजारांहून अधिक रुग्णांच्या अभ्यासात आयबुप्रोफेनच्या गटातील औषधांनी मृत्यू वाढल्याचे दिसले नाही.

रक्तदाबाच्या गोळ्यांची परीक्षा ब्राझीलमध्ये झाली. ६५९ रुग्णांचे दोन गट पाडून एकाच्या गोळ्या ३० दिवस थांबवल्या, दुसऱ्याच्या चालू ठेवल्या. थांबवून काही फायदा झाला नाही. ताप आला म्हणून घाबरून बीपीची गोळी परस्पर बंद करू नये, ती याचसाठी. उलट्या-जुलाबांनी अंगातले पाणी कमी झाले असेल, तर मात्र डॉक्टर ती काही दिवस थांबवू शकतात.

पॅरासिटामॉल निर्धोक मानले जाते, पण प्रौढांसाठी २४ तासांत ४ ग्रॅम ही कमाल मर्यादा आहे. यकृताचा आजार किंवा दारूचे व्यसन असल्यास ती आणखी कमी. घरोघरी चूक होते ती इथे. तापाची ६५० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून चारदा घेतली, की २,६०० मिलिग्रॅम झाले. मेडिकलमधून आणलेल्या सर्दीच्या गोळीतही बहुधा पॅरासिटामॉल असते. ती ५०० मिलिग्रॅमची तीनदा घेतली, की बेरीज ४,१०० होते, आणि घेणाऱ्याला वाटते, आपण दोन वेगळी औषधे घेतली. पाकिटामागची बारीक अक्षरे वाचावीत.

मुलांना फ्लू किंवा कांजिण्यांत अ‍ॅस्पिरिन देऊ नये. मेंदू आणि यकृताला इजा करणारा राय सिंड्रोम त्यातून उद्भवू शकतो. ऑस्ट्रेलियातील डॉक्टर डग्लस राय यांनी १९६३ मध्ये त्याचे वर्णन केले. प्रतिजैविके विषाणूंवर चालत नाहीत.

पावसाळ्यात महाराष्ट्र-गोव्यात फ्लू आणि डेंग्यू एकाच वेळी फिरत असतात. डेंग्यूत आयबुप्रोफेन व अ‍ॅस्पिरिनने रक्तस्रावाचा धोका वाढतो, म्हणून निदान होईपर्यंत पॅरासिटामॉलच घ्यावे.