नौदलातला पगार आणि भत्ते: अर्जाआधी आणि भरतीनंतर काय लागतं

विदर्भातल्या गावांत पहाटे रस्त्यावर पळणारी पोरं बहुतेक पोलीस भरतीची नाहीतर आर्मीची तयारी करत असतात. समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब, त्यामुळे नौदलाची माहिती गावात पोचते ती अर्धीमुर्धी. 'महिन्याला 30 हजार' एवढंच कानावर येतं आणि घरचे त्या आकड्यावर पीककर्ज फेडायचा हिशेब मांडून बसतात. म्हणून आधी पैशाचंच सांगतो.

नौदलात खलाशी म्हणून भरती सध्या अग्निवीर योजनेतून होते, मुदत 4 वर्षं. पहिल्या वर्षी पॅकेज 30,000 रुपये, पण त्यातले 30 टक्के, म्हणजे 9,000, सेवानिधीत कापले जातात. हातात येतात 21,000. दुसऱ्या वर्षी हातात 23,100, तिसऱ्या वर्षी 25,550 आणि चौथ्या वर्षी 28,000. कापलेल्या रकमेइतकीच भर सरकार घालतं. चार वर्षांनी दोन्ही मिळून सुमारे 10.04 लाख आणि त्यावरचं व्याज मिळतं, त्यावर आयकर नाही. घरी पैसे किती पाठवता येतील हे 21,000 धरूनच ठरवा.

सेवानिधीच्या दोन अटी नीट वाचा. स्वतःच्या मर्जीने मुदतीआधी नोकरी सोडली तर फक्त स्वतःचे कापलेले पैसे व्याजासह मिळतात, सरकारचा वाटा मिळत नाही. चार वर्षांनी जास्तीत जास्त 25 टक्के अग्निवीरांना कायम सेवेत घेतात. त्यांनाही सेवानिधीतून स्वतःचाच वाटा मिळतो, कारण पुढे त्यांना नियमित खलाशाचा पगार लागू होतो.

तो पगार वेगळ्या हिशेबाचा आहे. सातव्या वेतन आयोगात खलाशाच्या वेतनश्रेणीचं, म्हणजे लेव्हल 3 चं, मूळ वेतन 21,700 पासून सुरू होतं. त्यावर मिलिटरी सर्व्हिस पे, म्हणजे सैन्यसेवेबद्दलचा वेगळा पगार, 5,200 आणि या दोन्हींवर महागाई भत्ता. अग्निवीराला मिलिटरी सर्व्हिस पे नाही, महागाई भत्ता नाही, पेन्शन आणि ग्रॅच्युइटीही नाही. जोखीम व खडतर सेवेचे, गणवेशाचे आणि प्रवासाचे भत्ते मात्र नियमाप्रमाणे मिळतात. शिवाय 48 लाखांचा जीवन विमा, ज्याचा हप्ता पगारातून कापत नाहीत.

खलाशाचा खास भत्ता म्हणजे सी गोइंग अलाउन्स. जहाज समुद्रात असतं तेव्हाचा हा भत्ता. 2017 मध्ये तो हुद्द्यानुसार महिना 6,000 ते 10,500 ठरला आणि पात्रतेसाठी समुद्रात 12 तास असण्याची अट 4 तासांवर आणली. नौदलाच्या मरीन कमांडोंचा भत्ता त्याच वेळी 17,300 ते 25,000 झाला. महागाई भत्ता 50 टक्क्यांवर पोचला की असे भत्ते 25 टक्क्यांनी वाढतात, आणि तो टप्पा जानेवारी 2024 मध्ये आला. किनाऱ्यावर बदली झाली की सी गोइंग अलाउन्स थांबतो. तेव्हा घरी कमी पैसे आले म्हणून पोरावर संशय घेऊ नका.

आता अर्ज. एसएसआर, म्हणजे बारावीच्या पायरीवरची खलाशी भरती, यासाठी बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र हवं, किमान 50 टक्के हवेत. इंजिनिअरिंगचा तीन वर्षांचा डिप्लोमाही चालतो. एमआर, म्हणजे दहावीच्या पायरीवरची भरती, यासाठी दहावी 50 टक्क्यांनी पास. वय साडेसतरा ते 21, जन्मतारखेची नेमकी मर्यादा त्या-त्या जाहिरातीत असते. उंची 157 सेंमी. उमेदवार अविवाहित हवा, मुलींनाही अर्ज करता येतो. 2025 च्या भरतीत फी 550 रुपये अधिक 18 टक्के जीएसटी, म्हणजे 649 होती. अर्ज फक्त नौदलाच्या भरतीच्या अधिकृत संकेतस्थळावर. यापलीकडे कोणी 'सेटिंग'चे पैसे मागत असेल तर एक रुपयाही देऊ नका. पहिली परीक्षा संगणकावर होते, मग धाव, लेखी आणि वैद्यकीय. मुलांना 1.6 किलोमीटर साडेसहा मिनिटांत, मुलींना आठ मिनिटांत. प्रशिक्षण ओडिशात, आयएनएस चिल्का इथं.

अडकतं ते बहुधा नावावर. आपल्याकडे मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, कुठे वडिलांचं नाव गाळलेलं, कुठे स्पेलिंग वेगळं. अर्जात नाव, वडिलांचं नाव आणि जन्मतारीख दहावीच्या प्रमाणपत्रावर आहे तशीच लिहायची, आणि आधार त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्यायचं. हे काम जाहिरात येण्याआधी उरका. रहिवासी दाखल्यासाठी सेतू केंद्रात आताच अर्ज टाका, तहसीलमधून तो कधी हातात येईल याचा भरवसा धरू नका. फोटोत छातीशी काळी पाटी धरून त्यावर खडूने नाव आणि फोटोची तारीख लिहायची असते. गावच्या फोटोवाल्याला हे आधी सांगा.

ज्यांच्या घरी कायम सेवेतला खलाशी आहे, त्यांच्यासाठी मुलांच्या शिक्षणाचा भत्ता फार कामाचा. दोन मोठ्या अपत्यांसाठी प्रत्येकी महिना 2,250 असा तो ठरला होता, जानेवारी 2024 पासून 2,812.50 झाला. खर्च किती झाला ते बघत नाहीत, रक्कम ठरलेलीच मिळते. म्हणजे मूल गावच्या जिल्हा परिषद शाळेत फी न भरता शिकत असेल तरी हक्क पूर्ण आहे. शाळा मान्यताप्राप्त हवी आणि मूल संपलेल्या शैक्षणिक वर्षात तिथं शिकलं, असा मुख्याध्यापकांचा दाखला हवा. 'आपल्या शाळेला कुठे फी आहे' म्हणून हा दावाच न करणारी घरं असतात, आणि दोन मुलं असली तर वर्षाचे 67,500 रुपये सुटतात. दिव्यांग मुलासाठी रक्कम दुप्पट आहे. शाळा संपताना दाखला घ्या, त्याची प्रत घरी ठेवा आणि मूळ कागद जहाजाच्या कार्यालयात पोचता करा.

भत्ता जमा झाला नाही तर खलाशाने आधी आपल्या डिव्हिजनल ऑफिसरला, म्हणजे त्याच्या गटाची जबाबदारी असलेल्या अधिकाऱ्याला, लेखी सांगायचं. पगाराचा हिशेब मुंबईच्या नेव्हल पे ऑफिसात असतो, पण तिथं नोंद युनिटकडूनच जाते. लग्न झालं, मूल झालं की लग्नाचा आणि जन्माचा दाखला लगेच पाठवा, आणि नॉमिनीचं नाव त्याच वेळी बदलून घ्या.