भूगोल-अध्यापनातील चित्रफिती व ऑनलाइन साधने (सातारा जिल्हा)

शालेय भूगोल शिकवताना चित्रफिती, उपग्रह प्रतिमा, हलते नकाशे आणि महाजालावरची खुली माहिती वापरण्याची पद्धत. जमिनीवर उभे राहून दोन गोष्टी दिसत नाहीत : प्रदेशाचा वरून दिसणारा आकार आणि वर्षानुवर्षे सावकाश होणारा बदल. या दोन्ही वर्गात आणणे हे या साधनांचे खरे काम. ओढ्याकाठचा गाळ किंवा कासच्या सड्यावरचा (खडकाळ पठारावरचा) जांभा खडक दाखवायला चित्रफीत लागत नाही. जवळच्या शाळांनी मुलांना सरळ तिथे न्यावे.

महाराष्ट्रात याची सुरुवात दूरचित्रवाणीपासून झाली. पुण्यात १९८४ मध्ये स्थापन झालेल्या ‘बालचित्रवाणी’चे शैक्षणिक कार्यक्रम एका पिढीच्या चांगलेच आठवणीत आहेत. पुढे इस्रोचे उपग्रह-नकाशांचे ‘भुवन’ (२००९) आणि केंद्र सरकारचे शालेय साहित्याचे ‘दीक्षा’ (२०१७) ही व्यासपीठे आली, आणि बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड छापले जाऊ लागले. कोरोनाकाळात, २०२० मध्ये, मोबाइल हीच शाळा झाली, तेव्हा अनेक शिक्षक स्वतःच चित्रफिती तयार करायला शिकले. वाईत संपादित होणारा मराठी विश्वकोशही आता महाजालावर वाचता येतो, आणि मराठीतून नोंद शोधणाऱ्या शिक्षकाला त्याचा मोठा आधार आहे.

सातारा जिल्हा या पद्धतीला फार सोयीचा. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर पूर्वेकडच्या माण तालुक्यात तो पाचशेच्या आसपास असतो. म्हसवडच्या मुलाला दुष्काळ सांगावा लागत नाही, पण ‘पर्जन्यछाया’ (डोंगराने पाऊस अडवल्याने पलीकडे राहणारा कोरडा भाग) हा शब्द मात्र तो पाठच करतो. पावसाळा सरल्यानंतरची उपग्रह प्रतिमा पडद्यावर आली, की सह्याद्रीचा गर्द हिरवा पट्टा आणि पूर्वेकडे विरत जाणारा रंग त्याला एका नजरेत दिसतो. मग शब्दाला अर्थ येतो.

कोयनेचेही तसेच. महाबळेश्वरला उगम पावून ही नदी सह्याद्रीच्या कण्याला समांतर दक्षिणेकडे जाते, हेळवाकजवळ एकदम पूर्वेला वळते आणि कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला जवळजवळ समोरासमोर भेटते. संगमाच्या घाटावर उभे राहून हे नीट कळत नाही. गूगल अर्थवर नदीचा माग काढत गेले, तर वळणासकट कळते.

काळाचा प्रश्न अधिक अवघड. हिमालय वर येतो कसा, हे हलत्या आकृतीत दहा सेकंदांत दिसते आणि मुलांना वाटते, ते तेवढ्याच वेगात घडले. शिक्षकाने चित्रफीत थांबवून ‘ही भूपट्टे, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचे प्रचंड तुकडे, वर्षाला काही सेंटिमीटरच सरकतात’ हे सांगणे इथे अत्यावश्यक. उपग्रह प्रतिमांच्या त्रिमिती दृश्यात डोंगराची उंची फुगवून दाखवण्याची सोय असते. ती चालू आहे का, हेही आधी पाहावे.

भूकंपाच्या पाठात तर चित्रफीत स्वतःच पेच निर्माण करते. भूपट्टांच्या सीमेवर भूकंप होतात, हे पाहिल्यावर पाटणच्या वर्गातून हमखास प्रश्न येतो : मग आमच्याकडे का? ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे पाटण तालुक्यातल्याच कोयनानगरला मोठा भूकंप झाला, आणि कोयना तर भूपट्टाच्या सीमेवर नाही. धरणाच्या जलाशयातील पाण्याचा भार आणि खडकांच्या भेगांत मुरलेल्या पाण्याचा दाब यांमुळे आधीच ताणाखाली असलेले प्रस्तरभंग (खडकांतील खोल तडे) सरकतात, हे त्याचे सर्वमान्य स्पष्टीकरण. जगभरच्या भूकंपशास्त्रात कोयनेचे उदाहरण दिले जाते, पण परक्या देशात बनलेल्या शालेय चित्रफितींत ते क्वचितच भेटते.

परदेशी साहित्याची आणखी एक अडचण : त्यात नद्या बारमाही वाहतात, डोंगरांवर बर्फ असतो, आणि आपला बसाल्टचा पायऱ्यापायऱ्यांचा डोंगर नसतोच. भारताच्या सीमाही कधीकधी वेगळ्या रेखाटलेल्या असतात. त्यासाठी भारतीय सर्वेक्षण विभागाचा नकाशा शेजारी ठेवावा. इंग्रजी चित्रफितीचा आवाज बंद करून शिक्षकाने स्वतः मराठीत बोलत जाणे, हा उपाय साधा असला तरी उत्तम चालतो. आवाज बंद असला की मुलेही बोलू लागतात.

जावळी-पाटणच्या खोऱ्यांत रेंज जाते, वीज जाते. म्हणून चित्रफीत आदल्या दिवशी उतरवून पेन ड्राइव्हवर घेतलेली बरी. खिडक्यांना पडदे नसतील, तर प्रोजेक्टरचे चित्र दुपारी धुवट दिसते.

परिणाम तपासायला प्रश्नपत्रिकाच हवी असे नाही. पडदा बंद करून कोऱ्या कागदावर कोयनेचा मार्ग काढायला सांगावे आणि हेळवाकचे वळण किती कागदांवर आले, ते मोजावे.