रूल इंजिन आणि कोडमधले फिल्टर

अ‍ॅप्लिकेशनमधल्या अटी कुठे लिहायच्या, याला दोन मुख्य उत्तरे आहेत. त्या थेट कोडमध्ये किंवा डेटाबेसच्या क्वेरीत (माहिती मागणाऱ्या आज्ञेत) लिहून नको त्या नोंदी गाळल्या, तर तो फिल्टर. ‘असे असेल तर असे करा’ ही वाक्ये कोडबाहेर ठेवून कोणता नियम कधी चालवायचा हे वेगळ्या यंत्रणेवर सोपवले, तर ते रूल इंजिन.

निवड बहुधा अटींच्या संख्येवर केली जाते, आणि तिथेच चुकते. अटी पन्नास असोत. प्रत्येक नोंद सुटी तपासून ठेवायची किंवा टाकायची एवढेच काम असेल तर फिल्टर पुरतो. ‘कळंगुटमधल्या, ३,००० रुपयांखालच्या, या तारखांना रिकाम्या खोल्या’ हे क्वेरीचेच काम.

एका नियमाच्या निकालाने दुसरा नियम जागा होतो, तिथे इंजिन कामी येते. गोव्यातल्या हॉटेलचे बिल पाहा. खोलीचे भाडे दिवसाला ८,००० रुपये. ऑफ सीझनला १० टक्के सूट, म्हणजे ७,२००. जीएसटीचा दर प्रत्यक्ष आकारलेल्या रकमेवरून ठरतो : ७,५०० पर्यंत ५ टक्के, त्यापुढे १८. दर आधी ठरवून सूट नंतर दिली, तर पाहुण्याच्या बिलावर ३६० ऐवजी १,२९६ रुपये कर चढतो. कोडमध्ये हा क्रम प्रोग्रामरने सांभाळायचा. इंजिनाला भाडे बदलल्याचे कळवले की कराचा नियम पुन्हा तपासला जातो. पण काळजी घेतली नाही तर सूट देणारा नियमही पुन्हा जागा होतो, आणि ७,२०० चे ६,४८० होतात!

दर बदलत राहतात हे इंजिन घेण्याचे नेहमीचे कारण. १,००० रुपयांपर्यंतच्या खोल्यांची करमाफी १८ जुलै २०२२ ला गेली आणि १२ टक्के लागले. २२ सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० पर्यंत ५ टक्के झाले. मात्र एवढ्यासाठी ‘कधीपासून, किती रकमेपर्यंत, किती टक्के’ असा डेटाबेसमधला एक तक्ता पुरतो. पणजी-म्हापशातल्या दोन-तीन जणांच्या टीमने आधी तोच करून पाहावा.

अनेक इंजिनांच्या मुळाशी रेटे अल्गोरिदम, म्हणजे नोंदी नियमांशी जुळवण्याची एक पद्धत, आहे. लॅटिनमध्ये रेटे म्हणजे जाळे. कार्नेगी मेलन विद्यापीठात चार्ल्स फोर्गी यांनी १९७० च्या दशकात तो मांडला. नासाचे क्लिप्स आणि जावातले ड्रूल्स ही इंजिने त्याच घराण्यातली. अर्धवट जुळलेल्या अटी रेटे लक्षात ठेवतो, म्हणून वेग मिळतो. किंमत मेमरीत मोजावी लागते. त्याहून मोठी किंमत शोधाशोधीची आहे. दोन नियम एकाच वेळी लागू झाले की प्राधान्याचे आकडे द्यावे लागतात, आणि असे आकडे साचले की कोणता नियम का चालला हे लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही.

‘नियम लेखापाल स्वतः बदलतील’ हे इंजिनाबाबत दिले जाणारे आश्वासन तपासूनच घ्यावे. बदल चालू करण्याआधी गेल्या सीझनची बिले नव्या नियमांतून काढून जुन्या बिलांशी रुपयाला रुपया ताडून पाहावीत. ही सोय उभारायला वेळ नसेल, तर अटी कोडमध्येच राहू द्याव्यात.