रॉबिन रॉबर्ट्स आणि ५०५ होमरन

फिलाडेल्फिया फिलीज या अमेरिकी बेसबॉल संघाचा पिचर (चेंडू टाकणारा खेळाडू) रॉबिन रॉबर्ट्स याने कारकिर्दीत ५०५ होमरन (चेंडू मैदानाबाहेर जाऊन फलंदाजाला सगळे बेस फिरून धाव मिळवून देणारे फटके) दिले आणि हा नकोसा विक्रम २०१० मध्ये जेमी मॉयर या पिचरने मोडेपर्यंत त्याच्याच नावावर राहिला. त्यावरून त्याचे चेंडू कुणीही सहज मैदानाबाहेर भिरकावत असे, हा समज रूढ झाला. आकडा खरा आहे, निष्कर्ष मात्र टिकत नाही. रॉबर्ट्सने सुमारे ४,६८९ इनिंग टाकल्या, म्हणजे दर नऊ इनिंगमागे (एका पूर्ण सामन्यामागे) ०.९७ होमरन. त्याचाच समकालीन डॉन न्यूकोम याचा दर एकाच्या किंचित वर, पुढच्या पिढीतील फर्गी जेन्किन्सचा नेमका ०.९७, तर मॉयरचा १.१५ आहे. त्याच काळातला दिग्गज पिचर वॉरन स्पॅन ०.७४ वर थांबला, हे मान्य करायलाच हवे. पण स्पॅनशी तुलना कुणालाही जडच जाते.

१९५६ चा हंगाम मात्र खरोखरच वाईट होता: सुमारे २९७ इनिंगमध्ये ४६ होमरन, दर जवळपास १.४. एरवी तो फलंदाजाला फुकटचा बेस देण्यापेक्षा चेंडू सरळ स्ट्राइक झोनमध्ये (फलंदाजाला खेळता येईल अशा वैध पट्ट्यात) टाकणे पसंत करी. त्याने दिलेले वॉक (चार चेंडू त्या पट्ट्याबाहेर गेल्याने फलंदाजाला फुकट मिळणारा पहिला बेस) कारकिर्दीत अवघे ९०२, नऊ इनिंगमागे दोनहूनही कमी. त्यामुळे वॉक घेऊन बेसवर पोहोचलेले आणि होमरनवर आयती धाव काढणारे खेळाडू त्याच्याविरुद्ध कमीच असत.