सबमिट दाबल्यावर फॉर्मचं काय होतं?

घोडबंदर रोडच्या एखाद्या सोसायटीचा ऑनलाइन पार्किंग फॉर्म घ्या, नाव, विंग, फ्लॅट, गाड्या, सगळं कसं चौकटीत नीट दिसतं, पण सबमिट दाबलं की साधारणपणे ब्राउझर सर्व्हरकडे पाठवतो ती एक सलग ओळ, विंग=ए&फ्लॅट=1203&... असं एकाला एक चिकटवलेलं. स्पेसच्या जागी '+'. मराठीचं तर विचारूच नका, 'ठाणे' म्हणजे युनिकोडच्या (जगभरच्या लिप्यांतल्या चिन्हांना क्रमांक देणारी यादी) हिशोबाने ठ, काना, ण, मात्रा अशी 4 चिन्हं, प्रत्येकाचे युटीएफ-8 मध्ये (ही चिन्हं बाइटमध्ये लिहायची पद्धत) 3 बाइट, आणि दर बाइटला '%' धरून 3 खुणा, म्हणजे नुसत्या ठाण्याच्या 36!

हे सर्व्हर मुकाट्याने उलगडतो, त्यात काही विशेष नाही. खरी गोची गाड्यांची. समजा 1203 वाल्यांकडे एक कार, एक स्कूटर, आणि प्रत्येकीपुढे 'चार्जिंग हवं' असा टिकबॉक्स. टिक केली नाही तर ब्राउझर 'नाही' असं पाठवत नाही, काहीच पाठवत नाही! मग दोन्ही बॉक्सना एकच नाव दिलेलं असेल तर सर्व्हरच्या हातात गाड्या दोन आणि 'हो' एकच, आता तो कुणाचा? म्हणून फॉर्म बनवतानाच चार्जिंग_1, चार्जिंग_2 अशी वेगळी नावं द्यायची, जे आलं नाही ते 'नाही' धरायचं, आणि मग ही माहिती एक्सएमएलमध्ये मांडायची, म्हणजे प्रत्येक गोष्ट तिच्या नावाच्या टॅगमध्ये (कोनी कंसातल्या खुणांमध्ये) एकात एक बसवून:

<फ्लॅट क्रमांक="ए-1203">
<वाहन><प्रकार>कार</प्रकार><चार्जिंग>हो</चार्जिंग></वाहन>
<वाहन><प्रकार>स्कूटर</प्रकार><चार्जिंग>नाही</चार्जिंग></वाहन>
</फ्लॅट>

आता गाडी फ्लॅटच्या पोटात आणि चार्जिंग गाडीच्या पोटात, गोंधळाला जागाच नाही. (हो, टॅग मराठीत चालतात, 1998 साली वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने एक्सएमएल आणलं तेव्हापासून चालतात, वापरत कुणी नाही ते सोडा.)

पण बरेच जण कोडमध्ये नुसते टॅगचे तुकडे जोडत बसतात आणि मग कुणीतरी नावात 'जोशी & सन्स' लिहितं. एक्सएमएलमध्ये सुटं '&' चालत नाही, आणि वेबपेज कसं चुकलेलं असलं तरी ब्राउझर सांभाळून घेतो तसे लाड इथे नाहीत, पार्सर, म्हणजे एक्सएमएल वाचणारा प्रोग्राम, तिथेच थांबतो. त्यापेक्षा एक्सएमएल लिहिणारी तयार लायब्ररी (दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला कोड) वापरा, ती '&' आणि '<' आपोआप बदलून देते. एक गोष्ट मात्र लायब्ररीला कळणार नाही, लँडलाइनचा 022 तुम्ही स्कीमामध्ये (कुठल्या टॅगमध्ये काय यायचं याची नियमावली) आकडा म्हणून टाकलात तर पुढचा प्रोग्राम तो 22 करून मोकळा होईल, तिथे टेक्स्टच ठेवा.