जीन क्लोरोप्लास्टमधून गेला, म्हणून नष्ट झाला का?

नांदेडला गोदावरीच्या घाटावर पाय घसरवणाऱ्या तपकिरी थरात डायटम, म्हणजे एकपेशीय शैवालं, भरपूर असतात. त्यांच्या क्लोरोप्लास्टच्या (हरितलवकाच्या) जीनोमवर, म्हणजे त्यातल्या जीनच्या संचावर, सेमिनार असला की तोच तक्ता दिसतो: जीन सापडला तर अधिक, नाही तर वजा. आणि वजाखाली बिनदिक्कत लिहिलेलं असतं, ‘हा जीन नष्ट झाला’. हे वाक्य मला फार खटकतं. जीन नष्ट होणं वेगळं आणि पेशीच्या न्यूक्लियसमध्ये (केंद्रकात) जाऊन बसणं वेगळं. तक्त्यात मात्र दोन्हींना वजाच.

नष्ट होणं समजायला सोपं. प्रकाशसंश्लेषण सोडून दिलेल्या एका नित्झ्शिया नावाच्या डायटमचा प्लास्टिड जीनोम (क्लोरोप्लास्ट हा प्लास्टिडचाच एक प्रकार) जेमतेम 68 हजार बेस-जोड्यांचा आहे. एरवी डायटममध्ये तो सव्वा लाखाच्या आसपास असतो. काम संपलं, फोटोसिस्टिमचे, म्हणजे प्रकाश पकडणाऱ्या यंत्रणेचे, जीन गेले.

स्थलांतरात काम चालूच राहतं, फक्त जीनची जागा बदलते. कापसाचं पान तुम्हाला माहीत आहे: कार्बन डायऑक्साइड पकडणाऱ्या रुबिस्को या विकराच्या लहान घटकाचा जीन न्यूक्लियसमध्ये, प्रथिन क्लोरोप्लास्टमध्ये. डायटममध्ये हा जीन अजून क्लोरोप्लास्टमध्येच आहे. पण कापसाचा हिशेब डायटमला लावला की गाडी अडते. कापसाच्या क्लोरोप्लास्टभोवती दोन पटलं. डायटमचा क्लोरोप्लास्ट लाल शैवालापासून आलेला, त्याभोवती चार. त्यामुळे न्यूक्लियसमधून येणाऱ्या प्रथिनावर दोन टप्प्यांचा पत्ता लागतो. आधी ईआरमध्ये (पेशीतल्या पटलांच्या जाळ्यात) शिरण्यासाठी सिग्नल पेप्टाइड हा प्रथिनाच्या टोकाचा तुकडा, त्याला लागून क्लोरोप्लास्टच्या आत नेणारं ट्रान्झिट पेप्टाइड, आणि दोघांच्या सांध्यावर बहुतेकदा फेनिलअ‍ॅलॅनिन हे अमिनो आम्ल. हा पत्ता जुळेपर्यंत न्यूक्लियसमधली प्रत कामाची नाही, आणि तोवर क्लोरोप्लास्टमधली प्रत गमावणं परवडत नाही.

थॅलॅसिओसायरा ओशियानिका या डायटममध्ये हे जुळलं. फेरेडॉक्सिन हे प्रकाशसंश्लेषणात इलेक्ट्रॉन वाहून नेणारं प्रथिन बनवणारा पेटएफ जीन तिच्या न्यूक्लियसमध्ये असल्याचं 2010 साली प्रसिद्ध झालं. तिच्याच वंशातल्या थॅलॅसिओसायरा स्यूडोनानामध्ये तो क्लोरोप्लास्टमध्येच आहे. ओशियानिका लोहाची चणचण असलेल्या खुल्या समुद्रातली, आणि फेरेडॉक्सिनला लोह लागतं. म्हणून हे स्थलांतर मला विशेष मोलाचं वाटतं. नुसता क्लोरोप्लास्ट तपासून ‘नष्ट’ लिहिलं असतं, तर हे सगळं त्या एका वजात गाडलं गेलं असतं.

तेव्हा न्यूक्लियसचा जीनोम, निदान ट्रान्स्क्रिप्टोम (पेशीतल्या आरएनए प्रतींचा संच) तरी धुंडाळल्याशिवाय ‘नष्ट’ लिहू नका. ‘प्लास्टिडमध्ये आढळला नाही’ एवढंच लिहा. आणि न्यूक्लियसमध्ये प्रत सापडली तरी प्रथिनाचं पुढचं टोक उघडून बघा. तिथे तो दुहेरी पत्ता नसेल, तर स्थलांतर पूर्ण झालं असंही म्हणता येत नाही.