ओढ्यातला ‘जंगली’ ट्राऊट: एका शब्दाची पार्श्वभूमी

डोंगरी ओढ्यावर फ्लायने (गळावर पिसे, लोकर बांधून केलेल्या खोट्या किड्याने) ट्राऊट हा थंड पाण्यातला मासा धरणाऱ्यांत सगळ्यांत जास्त घोळ ‘जंगली’ या शब्दाचा आहे. ज्याची अंडी त्याच पाण्यातल्या गोट्यांत पडली, तिथेच फुटली आणि जो तिथेच वाढला, तो जंगली ट्राऊट. त्याचे पूर्वज कुठले, याच्याशी या शब्दाला देणेघेणे नाही. ‘मूळचा’ हा वेगळा शब्द आहे: माणसाने आणून न सोडता त्या खोऱ्यात पोचलेली जात. रॉकी पर्वतातल्या ओढ्यात पिढ्यानपिढ्या वाढलेला ब्राऊन ट्राऊट जंगली आहे, पण मूळचा नाही. त्याचे मूळ युरोपात. उलट, अ‍ॅपलेशियन डोंगरात मत्स्यबीज केंद्रातून आणून सोडलेला ब्रूक ट्राऊट जातीने तिथलाच, पण जंगली नाही. भरीस भर म्हणजे ब्रूक ट्राऊट शास्त्राच्या हिशेबाने ‘चार’ (char) नावाच्या, ट्राऊटच्या जवळच्या गटातला मासा. आणि रेनबो या तिसऱ्या ट्राऊटला १९८९ मध्ये ब्राऊनच्या प्रजातीतून (genus) काढून पॅसिफिक सॅमनच्या प्रजातीत नेले.

फार जुना इतिहास थोडक्यात आटोपतो. गळाला लाल लोकर गुंडाळून त्यावर कोंबड्याची दोन पिसे बांधण्याचे मॅसेडोनियातले वर्णन साधारण इ. स. २०० चे. १४९६ मध्ये इंग्लंडात छापलेल्या एका प्रबंधात बारा फ्लाय बांधण्याची कृती आहे. तेव्हाची दोरी घोड्याच्या शेपटीच्या केसांची असे. जपानच्या डोंगरांत मासे विकून पोट भरणाऱ्यांनी रॉडच्या टोकालाच दोरी बांधण्याची पद्धत टिकवली. रीळ नसलेली ती तेनकारा पद्धत इतर देशांत पसरली ती २००९ नंतर.

खरी उलथापालथ एकोणिसाव्या शतकात झाली, तीही अंड्यांमुळे. ब्राऊन ट्राऊटची अंडी १० अंश सेल्सियसला साधारण दीड महिन्यात फुटतात; पाणी जितके थंड, तितका हा काळ लांबतो, गोठणबिंदूजवळ तर कित्येक महिने. हे कळल्यावर ओल्या शेवाळात रचलेली, बर्फाखाली ठेवलेली अंडी जहाजाने विषुववृत्त ओलांडून १८६४ मध्ये टास्मानियाला पोचली. १८८३ मध्ये जर्मनीतून ती अमेरिकेत गेली, आणि शतक पालटताना स्कॉटलंडहून काश्मीरला. कॅलिफोर्नियाचा रेनबो १८७० च्या दशकापासून असाच जगभर वाटला गेला. त्या वेळी कोणत्या ओढ्यात आधीपासून काय आहे, हे पाहण्याची पद्धत नव्हती.

विसाव्या शतकात अंड्यांची जागा बोटुकलीने (बोटाएवढ्या पिल्लांनी) आणि पुढे थेट धरण्याजोग्या माशाने घेतली. परवान्याचा पैसा आला की टाक्यांतून मासे सोडायचे, असे गणित बसले. मोठ्या तलावात ते चालून गेले, पण लहान ओढ्यात नाही. ओढ्यातला प्रत्येक ट्राऊट एखाद्या दगडाआड ठरलेली जागा धरून असतो. आत संथ पाणी, वीतभर अंतरावर वेगवान धार. संथ पाण्यात थांबायचे आणि धारेतून वाहत येणारे खाणे उचलायचे. सिमेंटच्या हौदात गोळ्यांवर वाढलेल्या माशाला ही काटकसर ठाऊक नसते. तो जागेसाठी झटापट करतो आणि धारेत विनाकारण दमतो. त्या झटापटीत जंगली माशाचीही शक्ती जाते. सोडलेले बहुतेक मासे पुढचा उन्हाळा पाहत नाहीत. जंगली माशांची जागा मात्र तोवर मोडलेली असते.

अमेरिकेच्या मोंटाना राज्यात मासे सोडलेल्या आणि न सोडलेल्या नदीपट्ट्यांची काही वर्षे मोजणी करून हेच दिसले, आणि १९७४ पासून जंगली ट्राऊट तग धरू शकतो अशा प्रवाहांत मासे सोडणे बंद झाले. निर्णय सोपा नव्हता. मासा मिळणार नाही, गिऱ्हाईक येणार नाही, अशी ओरड झाली. पण मासे सोडणे थांबल्यावर माशांची संख्या वाढली, हे त्या मोजणीचे निष्कर्ष नीट वाचले की मान्य करावेच लागते. इंग्लंड-वेल्समध्ये २०१५ पासून नद्यांत सोडायचे ब्राऊन एकतर वांझ, नाहीतर त्याच पाण्यातल्या नर-माद्यांची पिल्ले असावीत, असा दंडक झाला.

आज ओढ्यावर दिसणारी पद्धत या बदलाशी जुळत आली. भर घालणारे कोणी नसल्याने धरलेला मासा परत सोडणे आणि गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाकणे रूढ झाले. ओढा तीन-चार मीटर रुंद, वर फांद्यांचे छत. त्यासाठी ६ ते साडेसात फुटांचा, २ किंवा ३ नंबरच्या हलक्या लाइनचा (फेकायच्या जाड दोरीचा) रॉड, लाइनपुढे ७ फुटांचा लीडर (निमुळता होत जाणारा पारदर्शक धागा), त्याच्या टोकाला ०.१५ मिमीचा टिपेट (फ्लाय बांधायचा सगळ्यांत बारीक धागा) आणि १४ किंवा १६ नंबरची बारीक फ्लाय. मासा प्रवाहाकडे तोंड करून असतो, म्हणून खालून वर चढत जायचे. लाइन मधल्या धारेवर पडली की फ्लायला ओढ बसते. ती पाण्यापेक्षा वेगाने सरकते, मागे बारीक रेघ उमटते, आणि वर आलेला मासा तोंड न उघडता फिरतो. इथे लांब फेकून उपयोग नाही. वाकून जवळ जायचे, रॉड उंच धरायचा, आणि फ्लायसोबत टिपेटचा शेवटचा हातभर भागच पाण्याला टेकू द्यायचा. फांद्यांखाली गळ वाकणीपाशी चिमटीत धरून रॉड धनुष्यासारखा ताणून सोडतात. टोकाकडून धरला तर गळ बोटात शिरतो.

शरद ऋतूत ब्राऊन आणि ब्रूकची मादी शेपटीने गोटे उपसून अंडी पुरते. तिथला तळ आजूबाजूपेक्षा स्वच्छ, फिकट दिसतो. त्यावर पाय पडला की पुढची पिढी तिथेच चिरडते. उन्हाळ्यात पाणी २० अंशांवर गेले की गळ आवरायचा. उबदार पाण्यात प्राणवायू कमी असतो आणि दमलेला मासा सोडल्यावरही मरतो.

वाद आता दुसऱ्या टोकाला पोचला आहे. अ‍ॅपलेशियनचाच भाग असलेल्या ग्रेट स्मोकी डोंगरांत बाहेरून आणलेल्या रेनबोने ब्रूक ट्राऊटला वरच्या ओढ्यांत रेटले. तिथे १९७५ मध्ये मासे सोडणे थांबले, आणि ब्रूक धरण्यावरची जवळपास तीस वर्षांची बंदी २००६ मध्ये उठली. दरम्यान काही ओढ्यांतले रेनबो औषध घालून काढले गेले. ते रेनबोही तिथेच जन्मलेले, म्हणजे जंगलीच होते. हे काम टिकते ते फक्त धबधब्याच्या वर, जिथे खालचा मासा परत चढू शकत नाही. त्यामुळे रस्त्याखालची नळमोरी फोडून ओढा मोकळा करा म्हणणारे आणि तीच मोरी मूळच्या माशाची भिंत म्हणून राखा म्हणणारे, दोघेही एकाच ओढ्याच्या काठावर उभे आहेत.